मॉड्युलर पेशंट मॉनिटर : छोट्या रुग्णालयाने घ्यावा की नाही?

पाचपाखाडीकर

ठाणे पश्चिमेला माझ्या बहिणीचे आणि मेहुण्यांचे चोवीस खाटांचे रुग्णालय आहे आणि तिथली खरेदी व हिशेब मी पाहतो. एक ऑपरेशन थिएटर, सहा खाटांचा आयसीयू आणि बाकी वॉर्ड, असा पसारा आहे. आयसीयूतले मॉनिटर इतके जुने झाले आहेत की कंपनीने त्यांचे सुटे भाग देणे बंद केले आहे, त्यामुळे या वर्षी सगळे बदलायचे ठरले आहे.

दोन प्रकारची कोटेशने हाती आली आहेत. पहिल्या प्रकारात ठरावीक मापनांचा बंद मॉनिटर मिळतो : ईसीजी, श्वसनाचा वेग, रक्तातील ऑक्सिजनची पातळी, कफने मोजलेला रक्तदाब आणि तापमान. दुसऱ्या प्रकारात पडदा वेगळा असतो, त्याला खण असतात आणि त्या खणांत हवी ती मॉड्यूल, म्हणजे एकेका मापनाचे सुटे डबे, बसवता येतात. आज पाच मापने घ्यावीत, उद्या धमनीतील रक्तदाब किंवा उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजायची गरज पडली तर तेवढे मॉड्यूल आणून सरकवावे, अशी ही रचना आहे. किमतीत चांगलाच फरक आहे. पुढच्या दहा वर्षांची काळजी मिटेल, असे विक्री प्रतिनिधी सांगतो. मेहुण्यांना ते पटते, बहिणीला पटत नाही, आणि चेकवर सही मला करायची आहे.

ज्यांनी ही यंत्रे वापरली, दुरुस्त केली किंवा विकत घेतली आहेत त्यांनी कृपया अनुभव सांगावेत. कुठली कंपनी चांगली, एवढ्यापुरती चर्चा मर्यादित राहू नये, अशी विनंती आहे.

तिरकस

दहा वर्षांची काळजी मिटवणारा प्रतिनिधी स्वतः त्या कंपनीत दहा महिने तरी टिकणार आहे का, एवढे आधी विचारून घ्यावे.

भूल_देणारा

मी ठाणे, कळवा आणि ऐरोली या पट्ट्यातील लहान रुग्णालयांत भूलतज्ज्ञ म्हणून जातो, त्यामुळे एकाच आठवड्यात चार प्रकारचे मॉनिटर हाताखालून जातात. थिएटरपुरते माझे मत स्पष्ट आहे : मॉड्युलर घ्यावा, किंवा निदान ज्यात कार्बन डायऑक्साइडचे मापन आत्ताच बसवलेले आहे असा घ्यावा.

कारण सांगतो. श्वासनलिकेत घातलेली नळी चुकून अन्ननलिकेत गेली, तर ऑक्सिजनची पातळी लगेच उतरत नाही. आधी शुद्ध ऑक्सिजन दिलेला असतो, त्या साठ्यावर रुग्ण काही मिनिटे काढतो, आणि पडद्यावर नव्व्याण्णव झळकत राहते. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या कॅप्नोग्राफचा आलेख मात्र चार-सहा श्वासांत सपाट होतो. उच्छ्वासाच्या अखेरीचा कार्बन डायऑक्साइड सर्वसाधारणपणे ३५ ते ४५ मिलिमीटर पारा असतो, परंतु त्या आकड्याहून आलेखाचा आकार मला अधिक काही सांगतो. दम्याच्या रुग्णात तो शार्कच्या परासारखा तिरपा होतो, आणि स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमल उतरू लागला की त्याच्या माथ्यावर खाच पडते.

हे मॉड्यूल घेताना मेनस्ट्रीम आणि साइडस्ट्रीम यांतला फरक नीट समजून घ्या. मेनस्ट्रीममध्ये सेन्सर थेट नळीच्या तोंडाशी बसतो. मापन तत्काळ होते, पण सेन्सर जड आणि महाग असतो, आणि फरशीवर पडला की संपला. साइडस्ट्रीममध्ये बारीक नळीने थोडी हवा ओढून यंत्रात नेली जाते. ही पद्धत सोयीची आहे, पण उच्छ्वासातील ओलावा त्या नळीत साचतो आणि तो अडवणारी पाण्याची कुपी वेळेवर रिकामी केली नाही, तर ऐन शस्त्रक्रियेत नळी तुंबल्याचा संदेश येतो. या नळ्या आणि कुप्या पुन्हा पुन्हा विकत घ्याव्या लागतात. मॉड्यूलच्या किमतीवर लोक तासभर घासाघीस करतात आणि नळ्यांची किंमत विचारायची मात्र राहून जाते.

रबाळे_सर्व्हिस

मी नवी मुंबईतील टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात राहून वैद्यकीय उपकरणांची दुरुस्ती आणि कॅलिब्रेशन करतो. कुठल्याही कंपनीचा एजंट नाही, हे आधीच सांगतो, कारण पुढे तसा आरोप होणार हे ठाऊक आहे.

मूळ प्रश्नात एक गृहीतक आहे की बंद मॉनिटर म्हणजे एकसंध यंत्र आणि मॉड्युलर म्हणजे सुट्या भागांचे. प्रत्यक्षात बंद मॉनिटर उघडला की आतही ईसीजीचे कार्ड वेगळे, ऑक्सिजनचे वेगळे आणि रक्तदाबाचा पंप, व्हॉल्व्ह व सेन्सर यांचा संच वेगळा, असेच दिसते. कित्येक कंपन्या ऑक्सिजन मापनाचे कार्ड मासिमो किंवा नेलकॉर यांच्याकडूनच घेतात. म्हणजे सुटे भाग दोन्हींत आहेत. मॉड्युलर यंत्रात ते बदलण्याचे काम सिस्टरच्या हाती येते. बंद यंत्रात त्यासाठी माझ्यासारख्याला बोलवावे लागते. रात्री दोन वाजता रक्तदाबाचा पंप बंद पडला, तर मॉड्युलरमध्ये शेजारच्या खाटेचे मॉड्यूल काढून लावता येते, बंद प्रकारात अख्खा मॉनिटर हलवावा लागतो. खरा फायदा हा आहे, आणि विक्री प्रतिनिधी नेमका तोच सांगत नाही, कारण त्यात आपले यंत्र बिघडू शकते हे मान्य करावे लागते.

आता दुसरी बाजू. सरकवायचे मॉड्यूल म्हणजे उघडे कनेक्टर. आपल्याकडे जून ते सप्टेंबर दमट हवा, त्यात खाडीची खारी हवा. आयसीयूत वातानुकूलन चालू असते तोवर ठीक, पण वापरात नसलेली मॉड्यूल ज्या कपाटात ठेवतात तिथे ते नसते. पिनांवर हिरवट थर चढतो आणि मग मॉड्यूल कधी ओळखले जाते, कधी जात नाही. वाशीच्या एका रुग्णालयात असे मॉड्यूल बसेना, म्हणून कोणीतरी जोर लावून सरकवले होते. खणांच्या रॅकमधील दोन पिना वाकल्या आणि तो खण कायमचा निकामी झाला. मोकळ्या खणांना झाकणे लावलेली असावीत. ती यंत्राबरोबरच येतात आणि पहिल्याच महिन्यात हरवतात.

आणखी एक बाब : काही यंत्रांत मापनाचे हार्डवेअर आधीच बसवलेले असते आणि ते वापरण्यासाठी सॉफ्टवेअरची किल्ली विकत घ्यावी लागते. पुढे बसवता येईल, या वाक्याचा अर्थ नवे मॉड्यूल, नवी किल्ली की सर्व्हिस इंजिनिअरची खेप, हे कोटेशनवरच लिहून घ्या.

फिजिशियन_कोपरखैरणे

वरील दोन्ही प्रतिसाद आपापल्या जागी योग्य आहेत, तरीही मी पाचपाखाडीकरांच्या बहिणीच्या बाजूने आहे. चोवीस खाटांच्या रुग्णालयात बहुतेक रुग्ण डेंग्यू, न्यूमोनिया, हृदयविकाराचा पहिला झटका, मधुमेहातील गुंतागुंत आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव यांचे असतात. त्यांच्या बाबतीत निर्णय ज्या खुणांवर होतात त्या पाच-सहाच आहेत. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये प्रकृती खालावण्याची पूर्वसूचना देणारी गुणपद्धती काढली आणि २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आणली. त्यात श्वसनाचा वेग, ऑक्सिजनची पातळी, बाहेरून ऑक्सिजन द्यावा लागतो का, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्धी आणि तापमान यांनाच गुण आहेत. एकूण पाच झाले की तातडीने डॉक्टरला बोलवायचे, सात किंवा अधिक झाले की आणीबाणी समजायची. यातील शुद्धी तर कोणतेही मॉनिटर मोजत नाही.

श्वसनाचा वेग मॉनिटर मोजतो, पण कसा मोजतो ते ध्यानात ठेवावे. ईसीजीच्या चिकटपट्ट्यांमधून अगदी क्षीण प्रवाह सोडून छातीचा विद्युत विरोध श्वासागणिक कसा बदलतो, ते यंत्र पाहते. श्वसनमार्ग बंद झालेला रुग्ण धडपडत असेल तर छाती हलतच राहते, आणि यंत्र बावीस, तेवीस असे आकडे दाखवत राहते, आत हवा मात्र जात नसते. म्हणून माझ्या विभागात मनगटी घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजण्याची सक्ती आहे. महागड्या रॅकवर खर्च करण्यापेक्षा त्या पैशांत आणखी एक प्रशिक्षित परिचारिका रात्रपाळीला ठेवावी, असे माझे ठाम मत आहे.

तिरकस

प्रशिक्षित परिचारिका कुठल्या खणात सरकवायची, तेही सांगा डॉक्टर.

इन्चार्ज_सिस्टर

तिरकस दादांना हसून झाले असेल तर मूळ प्रश्नावर येते. ही यंत्रे दिवसरात्र हाताळणाऱ्यांपैकी अजून कोणीच लिहिलेले दिसत नाही. मी ठाण्यातील एका मध्यम रुग्णालयात आयसीयूची इन्चार्ज आहे आणि आमच्याकडे दोन्ही प्रकारचे मॉनिटर शेजारी शेजारी आहेत.

मॉड्युलर यंत्रांत पहिली अडचण अशी की, सहा खाटांना मिळून धमनीतील रक्तदाबाची दोनच मॉड्यूल घेतली जातात. कागदावर ते शहाणपणाचे दिसते. परंतु मॉड्यूल थिएटरमध्ये गेले आणि परत आले नाही, की पाळी बदलताना त्याचा शोध सुरू होतो. आम्ही शेवटी औषधांच्या हस्तांतरण वहीसारखी मॉड्यूलची वही घातली : कुठल्या खाटेवरून काढले, कोणी नेले, परत कधी आले. तेव्हापासून शोधाशोध थांबली. तुम्ही मॉड्युलर घेणार असाल तर पहिल्या दिवसापासून वही ठेवा.

दुसरी अडचण ईसीजीच्या तारांची. युरोपीय पद्धतीत उजव्या हाताची तार लाल, डाव्या हाताची पिवळी, डाव्या पायाची हिरवी आणि उजव्या पायाची काळी असते. अमेरिकी पद्धतीत उजवा हात पांढरा, डावा काळा, डावा पाय लाल आणि उजवा पाय हिरवा. म्हणजे लाल तार एका संचात उजव्या खांद्यापाशी आणि दुसऱ्या संचात पोटाच्या डाव्या बाजूला लागते. काळ्या आणि हिरव्या तारेचाही असाच घोळ. वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या ठिकाणाहून केबल घेतल्या गेल्यामुळे आमच्याकडे दोन्ही रंगसंच आले आणि नवीन मुलींचा रोज गोंधळ उडू लागला. केबलच्या ऑर्डरमध्ये रंगसंच लिहिण्याचा आग्रह खरेदी विभागाकडे धरावा लागला.

फिजिशियन डॉक्टरांना एक सांगावेसे वाटते. मिनिटभर श्वास मोजण्याचा नियम योग्यच आहे, परंतु सहा खाटांवर दोन सिस्टर असतात तेव्हा अलार्मचा गोंगाटच एवढा असतो की घड्याळाकडे पाहायला उसंत मिळत नाही. ऑक्सिजनची खालची मर्यादा प्रत्येकाला सरसकट एकच लावलेली असते, मग जुन्या फुप्फुसविकाराच्या रुग्णाचा मॉनिटर रात्रभर ओरडत राहतो आणि शेवटी कोणीतरी आवाजच बंद करते. रुग्णागणिक मर्यादा ठरवून द्याव्यात आणि चिकटपट्ट्या रोज बदलाव्यात. निम्मा त्रास तिथेच कमी होतो. यासाठी मॉड्युलर यंत्र लागत नाही, डॉक्टरांची सही लागते.

फिजिशियन_कोपरखैरणे

सिस्टर, सहीचा मुद्दा मान्य आहे. आमच्याकडे राउंडच्या वेळी अलार्मच्या मर्यादा केसपेपरवर लिहिण्याची पद्धत याच कारणाने सुरू झाली.

घोडबंदरवासी

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. आईला न्यूमोनियानंतर घरी आणले आहे आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर कधी ९६ दाखवते, कधी ८८. रुग्णालयातील यंत्र आणि हे यंत्र एकाच तत्त्वावर चालतात का? मग एवढा फरक का पडतो?

रबाळे_सर्व्हिस

@घोडबंदरवासी, तत्त्व एकच आहे. जपानच्या निहोन कोहडेन कंपनीतील ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये ते मांडले. सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश बोटातून पाठवायचा, आणि त्यातील केवळ नाडीबरोबर धडधडणारा भाग वेगळा काढून ऑक्सिजनयुक्त रक्ताचे प्रमाण ठरवायचे. फरक पडतो तो हालचाल आणि अशक्त नाडी यांतून खरा संकेत गाळून काढण्यात. बोट गार असेल, नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल, हात थरथरत असेल, तर स्वस्त यंत्र गोंधळते. हात चोळून गरम करा, स्थिर ठेवा आणि आकडा किमान अर्धा मिनिट टिकतो का ते पाहा. त्यानंतरही कमी आला, किंवा आईंना धाप लागलेली दिसली, तर यंत्राशी वाद घालत बसू नका, डॉक्टरांना फोन करा.

भूल_देणारा

यात एक भर घालतो. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, ऑक्सिमीटरला न दिसलेली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिपटीने आढळली. पुढच्याच वर्षी तिथल्या औषध नियंत्रकांनी ऑक्सिमीटरच्या मर्यादांबद्दल सूचना काढली. आपल्याकडे त्वचेच्या सर्व छटा एकाच वॉर्डात असतात. त्यामुळे ऑक्सिजनचे कार्ड कोणत्या तंत्राचे आहे आणि ते कोणत्या त्वचेच्या लोकांवर तपासले आहे, हे डेमोच्या वेळी विचारण्यात संकोच करू नका.

ऐरोली_बायोमेड

मी बायोमेडिकल अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या प्रकल्पात आम्ही ईसीजी आणि श्वसनासाठी एडीएस१२९२आर, ऑक्सिजनसाठी एएफई४४९० आणि तापमानासाठी मॅक्स३०२०५ या चिप वापरल्या आहेत. बंगळुरूच्या प्रोटोसेंट्रलने अशाच चिपांवर हेल्दीपाय नावाचे मुक्त रचनेचे बोर्डही केले आहे. सगळे उघडे असल्याने हवे ते मापन जोडता येते आणि खर्च मॉनिटरच्या तुलनेत किरकोळ येतो. लहान रुग्णालयांनी हा मार्ग का निवडू नये, असा प्रश्न पडतो. आलेख तर हुबेहूब येतात.

रबाळे_सर्व्हिस

@ऐरोली_बायोमेड, उत्साह मोडायचा नाही, असे बोर्ड शिकायला उत्तम आहे आणि मी स्वतः होतकरू मुलांना तेच घ्यायला सांगतो. परंतु आलेख येणे ही मॉनिटरची सर्वांत सोपी पायरी आहे. हृदय पूर्ववत करण्यासाठी रुग्णाला विजेचा शॉक द्यावा लागला तर हजारो व्होल्ट तुमच्या तारांतून परत येतील. त्यातून यंत्र वाचले पाहिजे, शॉकची ऊर्जा गळता कामा नये आणि काही सेकंदांत आलेख पुन्हा उमटला पाहिजे. हृदयाशी थेट संबंध येणाऱ्या जोडणीत रुग्णाच्या अंगातून जाणारा गळतीचा प्रवाह नेहमीच्या स्थितीत १० मायक्रोअँपिअर आणि एखादा दोष निर्माण झाला तरी ५० मायक्रोअँपिअर यापलीकडे जाऊ नये, असे विद्युत वैद्यकीय उपकरणांच्या सुरक्षिततेचे आयईसी ६०६०१ हे मानक सांगते. मॉनिटरसाठी त्याचा वेगळा भाग आहे, अलार्मसाठी आणखी वेगळा.

कायद्याची बाजू वेगळीच. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले, १ एप्रिल २०२० पासून सर्वच उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली, आणि जोखमीनुसार अ ते ड वर्ग पाडून टप्प्याटप्प्याने परवाना सक्तीचा झाला. वरच्या दोन वर्गांसाठी तो १ ऑक्टोबर २०२३ पासून सक्तीचा आहे. विनापरवाना बोर्ड खाटेला लावले आणि काही बरेवाईट झाले, तर डॉक्टरांची बाजू घ्यायला कोणीही उभे राहणार नाही.

ऐरोली_बायोमेड

शॉकचा विचार आम्ही केलाच नव्हता. मार्गदर्शक सरांना सोमवारी विचारतो.

हिशेबवही

मी काही रुग्णालयांचे लेखापरीक्षण करतो, त्यामुळे यंत्रात काय आहे ते सोडून बिलात काय आहे ते सांगतो.

आरोग्यसेवा वस्तू व सेवा करातून मुक्त असल्याने खरेदीवर भरलेल्या कराची वजावट रुग्णालयाला मिळत नाही. तो कर हा तुमचा खर्चच असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैद्यकीय उपकरणांवरील दर ५ टक्क्यांवर आला आहे. त्याआधीचे कोटेशन हातात असेल तर नवीन मागवा, आणि कर धरूनची किंमत एकमेकांशी ताडून पाहा. वार्षिक देखभाल करारावरचा कर वेगळ्या दराने लागतो, हेही लक्षात ठेवा.

देखभाल करारात एएमसी आणि सीएमसी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एएमसीमध्ये माणूस फुकट येतो, भाग विकत घ्यावे लागतात. सीएमसीमध्ये भागही धरलेले असतात, परंतु बारीक अक्षरांत प्रोब (बोटाला लावायचा ऑक्सिजनचा सेन्सर), कफ, केबल आणि बॅटरी वगळलेली असतात, आणि मॉनिटरमध्ये मोडते तेच. त्यातच प्रोब अन्य कुठला चालत नाही, अशी तजवीज यंत्रात केलेली असेल तर पाच वर्षांत प्रोबवरचा खर्च बराच वर जातो. आमच्या एका अशिलाने खरेदीच्या आदेशातच प्रोब, कफ आणि नळ्यांचे पाच वर्षांचे दर गोठवून घेतले; कंपनी आधी नाही म्हणाली, सहा यंत्रांची ऑर्डर पाहून हो म्हणाली. वॉरंटी यंत्र पोहोचल्याच्या दिवसापासून नव्हे तर बसवून चालू झाल्याच्या दिवसापासून मोजावी, आणि दुरुस्तीस अठ्ठेचाळीस तासांहून अधिक लागले तर पर्यायी यंत्र द्यावे, या दोन अटीही घाला.

इन्चार्ज_सिस्टर

हिशेबवही यांच्या यादीत कफचे आकार वाढवावेत. कफमधील फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के आणि लांबी ८० टक्के असावी. यंत्राबरोबर मोठ्यांचा एकच मधला कफ येतो. जाड दंडाला तो बांधला की रक्तदाब खोटाच वाढीव दिसतो आणि विनाकारण गोळी वाढते. मोठा, लहान आणि मुलांचा असे संच खरेदीतच मागा, नंतर कोणी घेत नाही.

फिजिशियन_कोपरखैरणे

सिस्टरांच्या मुद्द्याला जोडून : ही यंत्रे कफमधील दाबाची कंपने मोजतात. कंपने जिथे सर्वांत मोठी, तो सरासरी दाब, आणि त्यावरून वरचा व खालचा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या सूत्राने काढते. म्हणून अर्ध्या खाटांवर एका कंपनीचे आणि अर्ध्यांवर दुसरीचे मॉनिटर ठेवले, तर खाट बदलली की रक्तदाब बदलल्याचा भास होतो. काय घ्यायचे ते घ्या, पण एका विभागात एकाच कंपनीचे घ्या.

भूल_देणारा

रुग्ण हलवण्याचा विषय अजून निघाला नाही. लहान रुग्णालयातून रुग्ण थिएटरमधून आयसीयूत आणि कधी तिथून ऐरोली पुलावरून नवी मुंबईतील मोठ्या रुग्णालयात जातो. काही मॉड्युलर यंत्रांत मुख्य मॉड्यूल हाच छोटा पडदा असलेला स्वतंत्र मॉनिटर असतो. फिलिप्स आणि माइंडरे या दोघांकडेही तशी रचना आहे. रुग्णाच्या अंगावरची एकही तार न काढता ते खणातून उपसायचे, स्ट्रेचरवर ठेवायचे आणि आयसीयूतील खणात बसवायचे, की मधल्या काळातील सर्व नोंदी तिथल्या पडद्यावर येतात. थिएटर ते आयसीयू या पन्नास पावलांत जे घडते ते एरवी कोणाच्याच नोंदीत नसते, आणि नेमके तेव्हाच रक्तदाब पडतो.

हे सारे एका इमारतीपुरतेच, हे मात्र खरे. पुलापलीकडच्या रुग्णालयात वेगळ्या कंपनीचा खण असला तर तुमचे मॉड्यूल तिथे निरुपयोगी, आणि नोंदी कागदावर लिहूनच द्याव्या लागतात. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलावीत यासाठी आयईईई ११०७३ ही मानकांची मालिका आहे, बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये २००४ पासून त्यावर कामही चालले आहे. पण आपल्या खाटेशी अजून तरी प्रत्येक कंपनीचा खण वेगळा, कनेक्टर वेगळा.

रबाळे_सर्व्हिस

सहमत. म्हणूनच मॉड्यूल अदलाबदलीचे हे, असे कोणी म्हटले की कोणाच्या कोणत्या यंत्रात, हे विचारावे. एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या मालिकेतही ती एकमेकांत चालतील याची खात्री नसते. दहा वर्षे पुरेल, या दाव्याचा कस तिथेच लागतो.

पाचपाखाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. काल बहीण, मेहुणे आणि आमच्या इन्चार्ज सिस्टर यांना हा धागा वाचून दाखवला आणि बराच वाद झाल्यावर पुढील गोष्टी ठरल्या. थिएटरसाठी कार्बन डायऑक्साइड आणि धमनीतील रक्तदाबासह मॉड्युलर मॉनिटर घ्यायचा. आयसीयूच्या दोन खाटांना त्याच कंपनीचे मॉड्युलर, ज्यात मुख्य मॉड्यूल उपसून नेता येते. उरलेल्या चार खाटांना त्याच कंपनीचे बंद मॉनिटर, मात्र प्रोब, कफ आणि केबल सहाही ठिकाणी एकच चालतील अशी लेखी हमी घेऊन. वाचलेल्या पैशांत रात्रपाळीला एक सिस्टर वाढवण्याची फिजिशियन डॉक्टरांची सूचना बहिणीने लगेच उचलली आहे.

एक शंका उरते. धमनीतील रक्तदाबाचे मॉड्यूल आमच्या सिस्टरांनी आजवर वापरलेले नाही. प्रतिनिधी म्हणतो की लावले की आकडा येतो, शिकण्यासारखे काही नाही. हे खरे मानावे का?

भूल_देणारा

आकडा येतो हे खरे, तो बरोबर येतो की नाही हा प्रश्न आहे. धमनीतील नळीला जोडलेला, दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीवर, म्हणजे चौथ्या बरगडीखालच्या फटीच्या रेषेत छातीच्या कडेला मध्यावर धरावा लागतो. तो दहा सेंटिमीटर खाली सरकला तर रक्तदाब सुमारे साडेसात मिलिमीटरने खोटा वाढतो, वर गेला तर तेवढाच खोटा उतरतो. खाट वरखाली केली की तो पुन्हा जुळवावा लागतो, आणि दर पाळीला वातावरणाच्या दाबाशी शून्यावर आणावा लागतो. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर आलेखाची शिखरे बोथट होतात.

प्रशिक्षण दिवसा एकदा आणि रात्रपाळीसाठी वेगळे, असे दोन्ही वेळा खरेदीच्या आदेशात लिहून घ्या. दिवसपाळीला शिकवून कंपनीचा माणूस जातो आणि शून्यावर आणण्याचे बटण कुठे आहे हे विचारणारा फोन मला रात्री एक वाजता येतो.

इन्चार्ज_सिस्टर

पाचपाखाडीकर, तुमच्या सिस्टरांना एखाद्या दुपारी आमच्याकडे पाठवा. सध्या दोन खाटांवर आर्टीरियल लाइन, म्हणजे धमनीतील रक्तदाबाची नळी, चालू आहे, शून्यावर कसे आणायचे ते प्रत्यक्ष दाखवते. आधी मला निरोप पाठवा, म्हणजे मेट्रनची परवानगी घेऊन ठेवते.